दुधाचा आवाज

चिमामावशी कॉफी पीत नसत. दुकान सुरू झालं त्या आठवड्यात त्यांनी एकदा चमचाभर जिभेवर घेतली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "करपल्याली नाचणी लागती ही." त्यानंतर चार वर्षांत त्यांनी किती जग दूध वाफवलं त्याला गणती नाही, पण ते दूध जिच्यात जायचं त्या काळ्या कॉफीशी त्यांनी ओळख वाढवली नाही. "ते तुझं," त्या मला म्हणायच्या. "दूध आन् पानी माझं."

भीमाशंकरच्या रस्त्याला डिंभ्याचं धरण मागे पडलं आणि गाडी वर चढायला लागली की एका वळणावर आमचं दुकान होतं. समोर काच, काचेपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे खोल खाली धरणाचं पाणी. वर्षातले चार महिने यातलं काहीच दिसायचं नाही. ढग सरळ आत यायचे. दार उघडं राहिलं तर टेबलांवर दव साचायचं आणि गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याचे पाय दिसायचे, मग हळूहळू बाकीचा माणूस. आज मी आळ्याला, भर उन्हाच्या गावात राहते. तिथे बसून ते दिवस आठवायला लागले की मला आधी दुकान आठवत नाही. आधी तो पांढरेपणा आठवतो आणि त्यात उभी असलेली एक ठेंगणी बाई, डाव्या हाताचा तळवा स्टीलच्या जगाला लावून, मान किंचित कलती करून.

दुकान दिलीपशेठचं. शेठ मंचरचे. पुण्यात एक हॉटेल बंद होत होतं, तिथलं कॉफीचं मशीन त्यांनी उचलून आणलं. इटलीचं, जुनं, पण चकचकीत. चार माणसांनी ते टेम्पोतून उतरवलं तेव्हा रस्त्यावरचे लोक गोळा झाले होते. कॉफी पडायची दोन तोंडं, उजवीकडे वाफेची नळी, डावीकडे गरम पाण्याचा नळ आणि मधोमध आतला दाब दाखवणारा काट्याचा डायल. देवाला निघालेली माणसं थांबून कॉफी पितील अशी शेठची खात्री होती. चहा मात्र ठेवायचा नाही, गॅस तर नाहीच नाही. "नाहीतर टपरी वाटंल," ते म्हणायचे.

मी घोडेगावची. कॉलेज संपवून घरी बसले होते. शेठनी मला पंधरा दिवस पुण्याला पाठवून कॉफी शिकवून आणली. दूध वाफवायला पुण्याचाच एक शिकलेला माणूस ठेवला आणि चिमामावशींना कप धुवायला आणि झाडलोटीला. मावशी तेव्हा साठीच्या आसपास असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. धरणाच्या वरच्या अंगाला वाडीत मुलगा-सून राहायचे, भाताची चार खाचरं होती. सकाळी त्या वाडीतून चालत यायच्या, नऊवारीचा काष्टा खोचून, डोक्यावर इरलं नाहीतर खताच्या पिशवीची खोळ.

पुण्याच्या माणसाला पहिलाच पावसाळा मानवला नाही. मोबाईलला रेंज नाही, कपडे वाळत नाहीत, समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. गणपतीला म्हणून गेला तो परत आला नाही. मग दूधही माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते काही जमेना. कधी साबणासारखे मोठाले बुडबुडे यायचे, कधी नुसतंच तापून वर पातळ साय धरायचं.

एके सकाळी मी असाच एक जग बिघडवला. मावशी माझ्याकडे पाठ करून बेसिनवर कप विसळत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "वैशू, तू लवकर बुडवती."

"काय बुडवते?"

"नळी. तिला वरल्या वर जरा बोलू द्यायचं. कापड फाडल्यागत आवाज यतो बघ, तो यऊ द्यायचा. मंग बुडवायची. त्यो पुण्याचा असंच करायचा."

"तुम्ही बघत होता?"

"बघाया कुठं टाइम व्हता. कान हाय की."

मी जग त्यांच्या हातात दिला. गंमत म्हणून दिला, खोटं कशाला बोलू. मावशींनी पदराला हात पुसले, फ्रिजमधलं गार दूध ओतलं, नळीचं तोंड ओल्या फडक्यात धरून आधी थोडी वाफ सोडून दिली. नळीत साठलेलं पाणी फुर्रकन फडक्यात गेलं. मग नळीचं टोक दुधाच्या वरच्या कडेला टेकवून त्यांनी वाफेची मूठ फिरवली. बारीक, एकसारखा, कापड फाडल्यासारखा आवाज आला. दूध किंचित वर चढलं. त्यांनी जग नखभर उचलला, आवाज एकदम खाली बसला आणि जगात भोवरा फिरायला लागला. डोळे मिटलेले, तळवा जगाला. तळव्याला चटका बसला तशी मूठ बंद. जग ओट्यावर एकदा आपटला, गोल फिरवला आणि माझ्यापुढे धरला. आतलं दूध नव्या ऑइलपेंटसारखं चमकत होतं. एक बुडबुडा नव्हता.

त्या दिवसापासून मी कप धुवायला लागले. म्हणजे दोघी मिळून धुवायचो, पण दुधाला मी हात लावला नाही.

मशीनला त्या 'बया' म्हणायच्या. सकाळी आल्यावर बटण दाबायचं आणि काटा वर येईपर्यंत तिच्या अंगावरून कोरडं फडकं फिरवायचं हा त्यांचा नेम. दर जगाच्या आधी आणि नंतर नळीतून थोडी वाफ सोडायचीच. "आदी बयेला खाकरू दे," म्हणायच्या, "घसा मोकळा झाल्याबिगर कुनाला बोलता यतं व्हय?" नळीवर दुधाचा एक थेंब वाळू द्यायच्या नाहीत. लोकांसमोर त्या बयेविषयी थोडं आदरानं बोलायच्या, तिच्याबरोबर एकट्या असल्या की सरळ रागवायच्या. दाब जास्त झाला की मशीनवरचा वॉल्व्ह सूं करायचा, तेव्हा काम न थांबवता म्हणायच्या, "ऐकलं गं, ऐकलं."

गरम पाण्याचा नळ हा मशीनचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुण्याला मला त्याच्याविषयी दोन वाक्यांत शिकवलं होतं. मावशींच्या हाती आल्यावर तोच सगळ्यात जास्त चालायला लागला. यात्रेच्या गाड्या थांबल्या की बाया बाटल्या घेऊन यायच्या, लेकराचं दूध करायला. म्हातारी माणसं गोळ्या घ्यायला अर्धा ग्लास मागायची. भिजलेली कॉलेजची पोरं नुसते हात शेकायला कप धरून बसायची. मावशी कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. नळाची पहिली थुंकी टाकून द्यायची, ग्लासात आधी चमचा ठेवायचा, ग्लास कलता धरायचा, मग नळ थोडाच सोडायचा. "पावणं, हात लांब धरा, ही थुंकती," हे प्रत्येकाला सांगायचं. शेठ एकदा म्हणाले, "मावशी, पाणी काढलं की दाब उतरतो, कॉफीवाले खोळंबतात." मावशींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी दोन कॉफ्यांच्या मधल्या वेळात काढायला लागल्या, इतक्या बेतानं की काटा जागचा हलायचा नाही.

त्यांचे कान एवढे तयार कसे, हे मी एकदा विचारलं. माघातली दुपार होती. रस्ता रिकामा होता, खाली धरणावर धुक्याची एक चादर होती आणि दोन्ही काठ तिच्यावर तरंगत असल्यासारखे दिसत होते. मावशींनी काचेला बोट लावलं.

"तितं आमचं गाव व्हतं. बापाचं. त्या ढगाखाली. ही नदी तवा वाहती व्हती. हिरडा गोळा कराया आमी लांब लांब जायचो रानात. गच्च रान, बाहीर काय दिसायचं न्हाई. पन नदीचा आवाज यायचा. वाड्याच्या घळीत एक आवाज, मोठ्या धोंडीला येगळा, उताराला येगळा. त्यावरनं कळायचं कुठं आलो ते. आवाज पकडला की घरला."

"आणि मग?"

"मंग धरान झालं. पानी उभं राह्यलं." त्यांनी बोट काढून घेतलं. काचेवर तेवढा ठिपका स्वच्छ झाला होता. "पहिल्या वर्शी माझी आई सारकी दारात यऊन उभी ऱ्हायची. म्हनायची, लई गप गप वाटतंय गं."

मग एक गाडी थांबली आणि त्या उठल्या.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात मला पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं. मावशी बोलताना माझ्या ओठांकडे बघायला लागल्या होत्या. मी मागून हाक मारली तर वळायच्या नाहीत. दोन कॅपुचिनो सांगितल्या तर बरोबर, पण गिऱ्हाइकानं "साखर कमी" म्हटलं तर हसून मान हलवायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या. दुधाचंही बिनसलं. आठवड्यातून एखाद्या जगात मोठाले बुडबुडे यायचे, मग दोन, मग रोज. मावशी तो मुकाट्यानं बेसिनमध्ये ओतायच्या आणि दुसरा लावायच्या. मला वाटलं थंडीचं दूध वेगळं येतंय. तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "व्हय, तसंच आसंल."

मग एका सकाळी मी मागच्या खोलीत दूध उतरवून घेत होते. तेवढ्यात बाहेरून शिट्टी ऐकू आली, बारीक, टोचणारी आणि थांबेचना. मी धावत आले. मशीनचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला होता आणि वरचा वॉल्व्ह किंचाळत होता, जादा वाफ छताला आपटत होती. आणि त्या सगळ्याच्या वीतभर अंतरावर मावशी शांतपणे बशा पुसत उभ्या होत्या. गुणगुणतही होत्या. मी बटण बंद केलं. माझा चेहरा बघून त्यांनी वर बघितलं, छतापाशी जमलेला वाफेचा ढग बघितला आणि हातातली बशी हळूच खाली ठेवली.

शिट्टी उतरत उतरत बंद झाली. ती कधी बंद झाली हेही त्यांना कळलं नव्हतं, ते मला त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"कधीपासून?" मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं.

"भात काडल्यापासनं." मग म्हणाल्या, "डाव्यानं तर आदीपास्नंच न्हाई. उजव्यानं मोटं मोटं यायचं. आता त्येबी लांब गेलंय. दूध काय म्हनतंय ते कळंना झालंय मला, वैशू."

मी शेठना सांगितलं नाही. पण सांगायची गरजही पडली नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कुटुंबानं दोनदा कप परत केले आणि शेठ नेमके दुकानात होते. संध्याकाळी त्यांनी मावशींना समोर बसवलं. शेठ वाईट माणूस नव्हते. आवाज चढवून बोलत होते ते रागानं नव्हे, त्यांना ऐकू जावं म्हणून.

"मावशी, तुम्हाला कामावरनं काढत नाय मी. कपाचं काम हाय की. दुधाला दुसरं माणूस बघतो. मशीनशी खेळ नको, वाफ हाय ती."

मावशींनी सगळं ओठांवरून वाचून घेतलं. मग आठ बोटं वर केली. "आट दिस द्या."

"आठ दिवसांत कान यणारेत का?"

"कान न्हाई यत. पन आट दिस द्या."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते उठताना म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मावशी उजाडताच आल्या आणि मलाही लवकर यायला लावलं. दूध वाया घालवायचं नाही असं त्यांचं म्हणणं. पुण्याला मला एक युक्ती शिकवली होती ती कामी आली. जगात गार पाणी घ्यायचं आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकायचा. वाफेखाली ते पाणी जवळजवळ दुधासारखंच वागतं, तसाच फेस धरतं. मावशींनी नळी लावली. मी त्यांच्या मागे उभी राहिले, उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून. कापड फाडल्यासारखा आवाज सुरू झाला की मी खांदा दाबायचा. आवाज खाली बसला की सोडायचा. खरखरीत झाला की दोनदा थोपटायचं. त्या डोळे मिटून जग धरायच्या आणि माझा हात दाबला गेला त्या क्षणी आपल्या हाताला काय वाटतंय ते ध्यानात ठेवायच्या.

"आता मुंग्या आल्यागत झालं," त्या सांगायच्या. "बोटाच्या टोकाला."

"तोच. तोच फाडायचा आवाज."

"आन् आता गप झालं. जड झालं. फिरतंय आत."

"भोवरा."

दिवस वर येईपर्यंत आमचं हे चालायचं. बाहेर धुकं, आत वाफ, काचेवर दोन्हीकडून पाणी ओघळतंय आणि एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून मी डोळे मिटून उभी. कितीदा तरी मला वाटायचं की झोपेत आहे. त्यांच्या खांद्याचं हाड हाताखाली चिमणीएवढं लागायचं. चौथ्या दिवशी मी खांदा दाबायच्या आधीच त्यांनी जग उचलला. मला वाटलं चुकून. पुढच्या वेळीही तसंच. सहाव्या दिवशी त्यांनी माझा हात खांद्यावरून काढून ओट्यावर ठेवला आणि फ्रिजमधून खरं दूध काढलं.

काट्याचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते आणि वॉल्व्हची शिट्टी आता ऐकू येणार नव्हती. म्हणून मी माझ्या लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके डायलच्या काचेवर दिले. वरच्या ठिपक्याला काटा टेकला की बटण बंद, खालच्या ठिपक्यापर्यंत उतरला की वाफ सोडणं बंद. त्या दर थोड्या वेळानं तिकडे बघायच्या. नववं लेकरू सांभाळल्यासारखं, असं त्या म्हणायच्या. त्यांना खरंच आठ लेकरं होती का, हे मी कधी विचारलं नाही.

आठव्या दिवशी शेठ आले, काउंटरला उभे राहिले, एक कॅपुचिनो घेतली. अर्धी प्याले, फेसाकडे बघितलं, उरलेली अर्धी प्याले आणि कप स्वतः बेसिनमध्ये ठेवून निघून गेले. दुसऱ्या माणसाचा विषय नंतर निघाला नाही.

त्यांच्या मुलानं एका शिबिरातून कानाचं यंत्र मिळवून दिलं होतं. मावशींनी ते महिनाभर लावलं. घरी बरं वाटायचं, नातीचं बोलणं कळायचं. पण दुकानात वाफ सोडली की ते कानातच किंचाळायला लागायचं. मग त्या ते काढून कमरेच्या पिशवीत सुपारीशेजारी ठेवायच्या.

त्या श्रावणातला एक सोमवार मला विसरता येत नाही. पाऊस आदल्या दिवसापासून लागला होता. दुपारी बाराच्या सुमाराला वळणाच्या पुढे एक मोठं झाड रस्त्यावर आडवं झालं आणि जाताना तारा घेऊन गेलं. लाइट गेली. मागोमाग परभणीकडची एक यात्रेची गाडी येऊन अडकली, अरुंद रस्त्यावर तिला मागे वळायलाही जागा नव्हती. गाडीची एका बाजूची काच आधीच फुटलेली, माणसं चिंब. बहुतेक सगळी सत्तरीची. ती एकेक करून आमच्या दारातून आत आली. अठ्ठावीस माणसं. पलीकडची चहाची टपरी त्या दिवशी उघडलीच नव्हती. आमच्याकडे गॅस नाही. होतं ते एवढंच: मशीनच्या पोटात तापलेलं पाणी आणि त्याच्यावर कोंडलेली वाफ. लाइट गेल्यावर ती हळूहळू थंड होत जाणार. काटा आत्ताच हलायला लागला होता.

त्या माणसांत एक आजी होती, तिचे ओठ जांभळे पडले होते आणि ती थरथरायचीही थांबली होती. तिचा नवरा तिचे हात चोळत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बसली होती चांगली, गाडीत बसली होती चांगली."

मी गरम पाण्याचा नळ सोडायला धावले. मावशींनी माझं मनगट धरलं. "आदी पानी काडलं की बयेचा जीव जाईल. मंग वाफ न्हाई, काय न्हाई. आदी दूध." त्यांनी डायलवरच्या खालच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. "हितवर दूध. म्होरं पानी. त्या म्हातारीच्या पुरतं मी ठिवते. तू लुगडं बदल तिचं. टेबलावरली कापडं घे."

पत्र्यावर पाऊस असा आदळत होता की शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. मी दुधाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. काहीच ऐकू आलं नाही. त्या दिवशी दुकानातले आम्ही सगळेच बहिरे होतो आणि काम येत होतं ते एकटीलाच. मावशी एकामागून एक जग लावत होत्या. फेस नको होता, ऊब हवी होती, म्हणून नळी पहिल्यापासून खोल. पिण्याजोगं कोमट झालं की मूठ बंद, पुढचा जग. कॉफीला लागतं तेवढं तापवलंच नाही, वाफ पुरवली. मी अर्धे अर्धे कप भरून देत होते. अंधारलेल्या दुकानात तोंडं दिसत नव्हती, नुसते पुढे आलेले हात दिसत होते. सुरकुतलेले, पांढरे पडलेले. त्यांतले कितीतरी हात कप घेऊन न पिता तसाच छातीशी धरून राहिले.

काटा ठिपक्याला आला तशी मावशींनी वाफ बंद केली. यात्रेकरूंच्या स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या मागून घेतल्या आणि नळाखाली धरल्या. पाणी थुंकत थुंकत आलं. दोन बाटल्या भरल्या, तिसरी निम्मी झाली आणि नळ फुस्स करून थांबला. बाटल्या टॉवेलांत गुंडाळून त्यांनी आजीच्या दोन्ही काखांत दिल्या, निम्मी पोटावर. मग स्वतः तिच्या मागे बसून तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीला आपला तळवा लावला. डोळे मिटले. मला तो चेहरा ओळखीचा होता. जगाला हात लावताना तसाच असायचा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ढग आत आले होते, बाहेर गेले होते. मावशी एकाएकी म्हणाल्या, "आली."

"काय?"

"थरथर."

आजी पुन्हा कापायला लागली होती. मग थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि आपल्या नवऱ्याला विचारलं, देऊळ आलं का म्हणून. तो म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तासाभरानं झाड हटलं, गाडी पुढे जाऊन वळली आणि खाली परत फिरली, घोडेगावच्या डॉक्टरांनी आजीला रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. ती पुन्हा दुकानाकडे आली नाही. तिला यातलं काही आठवत नसणार. मावशींनी त्याविषयी पुढे चकार शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी शेठना म्हणाल्या, "गॅसची शेगडी आना. टपरी वाटू द्या वाटली तर." शेठनी आणली.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, आळ्याला. दुकान त्यानंतर दोन वर्षं चाललं. मग शेठनी मशीन विकलं असं ऐकलं, कुठं ते माहीत नाही. मावशी वाडीतच असतात. मी फोन करते तेव्हा सून उचलते. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. मी सुनेला विचारते, सून ओरडून त्यांना सांगते, त्या काहीतरी बोलतात आणि सून मला म्हणते, "बऱ्या हायेत. तुमाला ये म्हनत्यात." दर वेळी येते म्हणते. अजून जाणं झालं नाही.

माझा दुकानातला शेवटचा दिवस रविवारचा होता. दारापर्यंत रांग. निरोप घ्यायला सवड अशी मिळालीच नाही. दुपारची भीमाशंकरहून खाली येणारी एसटी मला पकडायची होती, तिच्यानंतर थेट संध्याकाळची. गाडीचा हॉर्न वळणावर वाजला तशी मी पिशवी उचलली आणि मावशींसमोर गेले. पाया पडले. त्यांनी एका हातानं माझं डोकं कुरवाळलं, दुसऱ्या हातात जग होता. मग बोट वर करून थांब म्हणाल्या आणि नवा कप काढला. माझ्यासाठी करत होत्या. मी सांगायला लागले की गाडी आली, पण त्या पाठमोऱ्या झाल्या होत्या आणि नळी फडक्यात खाकरायला लागली होती. वाहक हाका मारत होता. मी गेले.

मोटारी उभ्या होत्या म्हणून एसटी वळणाच्या खाली, धरणाकडच्या बाजूला थांबली होती. मागच्या खिडकीपाशी जागा मिळाली. काच पुसून बघितलं तर मावशी पायरीवर आल्या होत्या. दोन्ही हातांनी धरलेला एक कप, वर फेसाचा पांढरा गोल आणि त्याच्यावरून निघणारी वाफ. त्या वर बघत होत्या, देवळाच्या बाजूला, रोज जिथे एसटी थांबायची तिकडे. मी खिडकीतून हाक मारली. मग पुन्हा मारली. शेजारच्या बाईनंही मारली. गाडी सुरू झाली. मावशी तशाच वर बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. धुकं त्यांच्या पायांपासून चढत होतं. ते कमरेपर्यंत आलं तेव्हा त्यांनी एकदा कपाकडे बघितलं, पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात तो दिला, त्याची बोटं कपाभोवती नीट बसवली आणि आत गेल्या.